टर्कीला झालेला कोविड

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या इस्पितळात एक्स-रे वाचणारं संगणकाचं नवं यंत्र आलं आणि संचालक ब्रेंट कॅसलमन यांनी होती नव्हती तेवढी अक्कल त्याच्याकडे गहाण टाकली. छातीचा एक्स-रे घातला की यंत्र क्षणात सांगायचं, कोविड आहे की नाही. २०२०चा नोव्हेंबर. खाटा भरलेल्या, स्वॅबचा अहवाल यायला दोन दिवस. तेव्हा यंत्र म्हणेल त्या वॉर्डात माणूस ढकलायचा, असा हुकूम निघाला.

डॉक्टर नोरीन हाल्वर्सन यांचे केस एक्स-रे वाचण्यातच पांढरे झाले होते. त्यांना यंत्राचा राग नव्हता. त्याच्यापुढे नंदीबैलासारख्या माना डोलावणाऱ्यांची किळस होती.

ऑर्व्हिल लुंडग्रेन यांचा एक्स-रे समोर आला तेव्हा त्या चमकल्या. ऑर्व्हिल पूर्वी शाळेची बस चालवायचे. नोरीन त्याच बसमधून शाळेत गेल्या होत्या. एक्स-रेत हृदय फुगलेलं, फुफ्फुसात पाणी. आंधळ्यालाही दिसावं. यंत्राचं मत: कोविड, ब्याण्णव टक्के.

नोरीन तडक खाली गेल्या.

"ऑर्व्हिल, तुमचं दुखणं हृदयाचं आहे. कोविडच्या वॉर्डात नाही जाऊ देणार मी तुम्हाला."

"बसमध्ये कधी माझं ऐकायची नाहीस, पोरी," ते धापा टाकत हसले. "पण मी तुझं ऐकतो. तू म्हणशील तसं."

वर येऊन नोरीननी एक्स-रे पुन्हा निरखला. उठता न येणाऱ्या रोग्याचा एक्स-रे चाकांचं मशीन खाटेपाशी नेऊन काढतात, आणि त्याच्या कोपऱ्यात 'पोर्टेबल' असा शिक्का पडतो. यंत्राला शिकवायला वापरलेले कोविडचे रोगी बहुतेक असेच, खाटेवरचे. नोरीननी शिक्का काळा केला आणि तोच एक्स-रे पुन्हा घातला. यंत्र म्हणालं, निरोगी! म्हणजे ते शहाणं फुफ्फुसं बघतच नव्हतं, कोपरा वाचत होतं.

मग त्या भटारखान्यात गेल्या, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणासाठी आणलेली गोठलेली टर्की, म्हणजे कोंबडीचीच थोरली बहीण, उचलली आणि चाकांच्या मशीनखाली ठेवली. शिक्क्यासकट तो एक्स-रे पाहून यंत्र म्हणालं: कोविड, पंच्याण्णव टक्के.

"ब्रेंट, या टर्कीला कोविड झालाय," एक्स-रे कॅसलमनच्या टेबलावर आपटून त्या म्हणाल्या.

कॅसलमननी तो गंभीरपणे पाहिला. "पण नोरीन, यंत्र पक्ष्यांसाठी नाहीच मुळी. करारात आहे तसं."

"आणि शिक्का पुसला की ऑर्व्हिल ठणठणीत होतात, ते?"

"कंपनीला विचारू ना. तोवर नियम म्हणजे नियम. का तू एकटी शहाणी आणि इथले बाकी सगळे मूर्ख?"

"टर्की सोडून, हो."

टर्कीने निदान तोंड तरी उघडलं नव्हतं.

त्या खाली आल्या तोवर ऑर्व्हिलची खाट रिकामी होती. त्यांना कोविडच्या वॉर्डात, खोकणाऱ्या तिघांच्या मध्ये नेऊन टाकलं होतं. दोन दिवसांनी त्यांचा स्वॅब निगेटिव्ह आला. "आता बाहेर काढा त्यांना," नोरीन ओरडल्या. उत्तर आलं, आता ते कोविडच्या रोग्यांत राहिलेत, दुसरीकडे ठेवता येणार नाही. हसावं की रडावं!

आठवड्याने ऑर्व्हिलना ताप भरला. या वेळी स्वॅब पॉझिटिव्ह होता.

कॅसलमननी लगेच सगळ्यांची व्हिडिओ बैठक घेतली. "लुंडग्रेन यांचा कोविड आपल्या यंत्राने चाचणीच्याही आधी पकडला!" पडद्यावरच्या चौकटीचौकटीत शिकलेसवरलेले हात टाळ्या वाजवू लागले. ऑर्व्हिलचा आणि टर्कीचा, दोन्ही एक्स-रे नोरीननी त्यातल्या प्रत्येकाला पाठवले होते. एकानेही ब्र काढला नाही. त्या पडद्यावर थुंकावं असं नोरीनना वाटलं. त्यांनी संगणक बंद केला, गाऊन आणि मास्क चढवला आणि ऑर्व्हिलकडे गेल्या.

त्यांच्या नाकातोंडावर ऑक्सिजन होता. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. कुणीतरी अभिमानाने सांगून गेलं होतं. त्यांनी नोरीनचा हात थोपटला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी," ते एकेक शब्द ओढत म्हणाले. "माणूस आहेस, चुकलीस. त्या यंत्राला मात्र आधीच कळलं होतं बघ."