केहिंदेचा चेहरा

केहिंदे लागोसला गेलाय, असंच घरात म्हणायचं. जुळ्यांतला एक गेला की इबादान शहरात कुणी 'मेला' हा शब्द जिभेवर आणत नाही. आणला, तर मागे राहिलेल्यालाही बोलावणं येतं. म्हणून थोरल्या केहिंदेला माती दिली त्या संध्याकाळपासून त्याची नि धाकट्या ताइवोची आई सगळ्यांना लागोसच सांगायची, आणि शेजारीपाजारी मान डोलवायचे. बँकेलाही तिने तेच सांगितलं. बँक म्हणाली, परत आला की चेहरा दाखवू दे. सगळं बिघडलं ते तिथेच.

नवा नियमच तसा होता. पैसे काढायचे तर खातेदाराने कॅमेऱ्याला चेहरा दाखवायचा. केहिंदेच्या बायकोने, मोरादेकेने, दिराला गळ घातली.

"भाऊजी, पोरींची फी थकलीय. तुमचा चेहरा तोच तर आहे. मशीनला काय कळतंय?"

"कळलं तर आत टाकतील मला, वहिनी."

"आत टाकायला माणूस लागतो. तिथे आता आहे कोण?"

ताइवो मनाचा मऊ, नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. कॅमेऱ्यासमोर त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या. "या, केहिंदे," मशीन म्हणालं. फी भरली गेली.

पुढच्या पगाराला तो स्वतःच्या खात्यातून पैसे काढायला गेला, तर तिथेही मशीन त्याला केहिंदेच म्हणालं, आणि ताइवोच्या खात्यावर परका माणूस आला म्हणून ते खातं बंद करून टाकलं. एका चेहऱ्याला एकच नाव, हाही नियमच. पगार अडकला, फोन अडकला, घरमालक बोलेनासा झाला.

शेवटी तो आईला घेऊन बँकेत गेला. काउंटरवरच्या फोलाशादे मॅडम भल्या होत्या, पण त्यांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

"आजी, हे मशीनपुढे आईनेच सांगावं लागतं. केहिंदे वारला, एवढंच म्हणा. की हा ताइवो मोकळा."

"तो लागोसला गेलाय."

"हो आजी, पण मशीनला लागोस चालत नाही."

"तुझ्या मशीनला आई नाही वाटतं!"

ताइवोला हसू आलं नाही. "आई, बोल ना. मला माझं नावसुद्धा वापरता येत नाही. असा कसा जगू?"

  त्यालाही बोलावणं येऊ नये म्हणून म्हातारीने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"केहिंदे मेला," ती म्हणाली. "माझा केहिंदे मेला." आणि इतके महिने गिळलेलं सगळं रडं तिथेच, काउंटरवर डोकं टेकून रडली.

कॅमेरा मात्र ताइवोकडे रोखलेला होता.

"केहिंदे यांच्या निधनाची नोंद झाली," मशीन गोड आवाजात म्हणालं. पडद्यावर ताइवोचा चेहरा करडा झाला आणि त्याखाली एकेक ओळ उमटत गेली. खाती बंद. फोन बंद. ओळखपत्र रद्द.

मॅडमनी बटणं दाबून पाहिली, पुन्हा पाहिली. "हा चेहरा केहिंदेच्या नावावर चढलाय ना... म्हणून यालाच..."

"मग उलटं करा," ताइवो म्हणाला.

"निधनाची नोंद उलटी करायची सोयच नाही ठेवलेली."

म्हातारीने डोक्याचं फडकं सोडून डोळे पुसले.

"झालं ना गं?" तिने विचारलं. "सुटला ना माझा ताइवो?"

मॅडमनी हळूच पडदा तिच्यापासून दुसरीकडे वळवला.