बोराच्या गळ्यातली जेल

मी एक जुनी जेल आहे; तुरुंग नव्हे, जखमेत भरायचे लिबलिबीत औषध. माझ्या जातीचे आयुष्यच थोडे, त्यातलेही बहुतेक सरले आहे. मित्रांनो, आज मी रागात आहे. गोड बोलणे मला जमणार नाही.

देजॉन शहरातल्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. माझ्यात बहुतेक पाणीच. सुईतून मी पातळ शिरते, अंगाच्या उबेने घट्ट होते आणि जखमेत ठाण मांडून बसते. माझ्या आधाराने माणसाचे स्वतःचे मांस वाढते. ते वाढले की मी विरून जाते. प्रदर्शनात मोठमोठे लोक काचेआडून मला बघत आणि माना डोलावत.

मग मी बोराच्या स्वरतंतूत आले. बोरा नामवॉन गावची, पानसोरी हे तिथले कथागायन करणारी. ढोलाच्या साथीने तासन्‌तास कथा गायची, तीही खरखरीत आवाजात. तो आवाज कमावायला धबधब्यासमोर ओरडायची तिथली रीत. ओरडून ओरडून तिचा स्वरतंतू फाटला होता.

"एक शब्दही बोलायचा नाही," डॉक्टर प्यो म्हणाले. "कुजबुजसुद्धा नाही. मी सांगेपर्यंत मुकं राहायचं."

बोराने मान हलवली. मी कामाला लागले. नवे मांस धरू लागले.

तेवढ्यात तिच्या गुरू ओकबुनबाई नासपतीचा काढा घेऊन आल्या.

"त्या डॉक्टरला गाण्यातलं काय कळतंय?" त्या कडाडल्या. "घशातून रक्त आलं म्हणून मी कधी घरी बसले का? ऊठ, चल धबधब्यावर."

बोराने गळ्याकडे बोट दाखवले, हात जोडले.

"नखरे पुरे हं, पोरी! गाण्याची स्पर्धा तोंडावर आलीय, ती काय तुझ्यासाठी थांबणारेय?"

बोरा उठली. गुरूला नाही म्हणायला तिला कुणी शिकवलेच नव्हते. मी आत नुसती जळफळत राहिले.

पहिल्याच आरोळीला माझे तुकडे झाले. कोवळे मांस उसवले. घोगरा, चिरका सूर बाहेर पडला आणि बाईंनी मांडीवर थाप मारली.

"ओल्सिगू! आत्ता लागला खरा आवाज!"

फाटलेल्या गळ्याला दाद देत होती ती बाई! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता मी चिमूटभर उरले आहे. पुन्हा सुई टोचायला तिथे धड जागा नाही, असे डॉक्टर म्हणतात. मित्रांनो, बरे होणाऱ्याला गप्प बसू द्या. त्याच्या दुखण्यावर टाळ्या वाजवू नका. तुमच्या हट्टावर माझ्याकडे औषध नाही.

आज आवाज येईल या आशेने बोराने सकाळी आईच्या दुकानात फोन लावला. तोंड उघडले, तर नुसती हवा आली.

"कोण बोलतंय?" पलीकडून आईने विचारले. "अरे, बोला ना! कामधंदे नाहीत का तुम्हाला?"

आणि तिने फोन आपटला.