दिसायला लागल्यावर

मला दिसायला लागलं आणि माझं सगळं बिनसलं. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझा चेहरा बघून हसू आवरतात.

लहानपणापासून मला जाड भिंगांचा चष्मा. शाळेत सगळे ढापणी म्हणायचे, समुद्रावरही तेच नाव चिकटलं. चष्मा लावून लाटेवर उभं राहता येत नाही, म्हणून तो आईच्या हातात द्यायचा आणि सर्फिंगचा बोर्ड घेऊन पाण्यात शिरायचं. हाताच्या अंतरापलीकडे सगळा पुसट कारभार. बोर्ड खालून उचलला जायला लागला की मला कळायचं, लाट आली. मग हातांनी जोरात पाणी मारायचं, उभं राहायचं आणि सुटायचं. जी पहिली येईल ती माझी. भल्याभल्या पोरी ज्या लाटेला वाट करून द्यायच्या, तिच्यावर मी खुशाल चढायचे. एका वर्तमानपत्राने तर माझ्या फोटोखाली 'बेडर' असं छापलं होतं. मला ते खरंच वाटलं. का वाटू नये?

शाळा संपली आणि बोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीने त्यांच्यातर्फे स्पर्धा खेळायला मला वर्षभराच्या करारावर घेतलं. कंपनीचा माणूस मोठा उत्साही. म्हणाला, "डोळ्यांचं ऑपरेशन करून टाकू. न दिसता एवढं करतेस, दिसायला लागल्यावर काय करशील!" मला सर्फिंग शिकवणाऱ्या सरांनीही मान डोलावली. आईने तेवढा माझा चष्मा पुसायला घेतला. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरली असेल.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर मी पाण्यात उतरले, बोर्डवर बसले आणि समोर बघितलं.

किनाऱ्यावरून चष्म्यातून मी लाटा पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण त्या लांबच्या होत्या, दुसऱ्यांच्या होत्या. आता पाण्यात बसून बघते, तर एक आख्खी भिंत माझ्याकडे चालत येत होती. तिच्या पोटातले खळगे दिसत होते. डावीकडचे खडक दिसत होते, त्यांच्यावरचे शिंपलेसुद्धा. इतकी वर्षं हे खडक इथेच होते? म्हटलं, ही जाऊ दे, पुढची घेऊ. पुढचीही जाऊ दिली.

मोसमातल्या पहिल्या स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत बाहेर पडले. दुसऱ्या स्पर्धेतही. सर बिचारे हात टेकून म्हणाले, "तुला झालंय तरी काय?" मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का? माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. मी शूर होते, की नुसतीच आंधळी?

तिसऱ्या स्पर्धेत त्यात आणखी भर पडली. बोर्डवर बसल्याबसल्या मी सहज किनाऱ्याकडे बघितलं. आई प्रत्येक स्पर्धेला यायची. मला पाण्यातून एक पिवळा ठिपका दिसायचा, तिचा रेनकोट. त्या ठिपक्याच्या भरवशावर मी वाढले. त्या दिवशी पहिल्यांदा मला ठिपक्याऐवजी आई दिसली. सर हातवारे करत होते, कंपनीचा माणूस फोन उंच धरून उभा होता आणि आई दोघांच्या मधे समुद्राकडे पाठ करून उभी होती. समोर गाड्या लावायची जागा, दुसरं काही नाही. माझी आई त्या गाड्या बघत होती. फेरी संपल्याचा भोंगा वाजला, तशी ती गर्रकन वळली आणि टाळ्या वाजवायला लागली.

संध्याकाळी म्हणाली, "छान होती गं तुझी दुसरी लाट."

मी दुसरी लाट घेतलीच नव्हती.

अर्थात तीही स्पर्धा गेली. कंपनीच्या माणसाचा उत्साह आटला होता. "पुढच्या वेळी पहिली फेरी तरी ओलांड," तो म्हणाला, "नाहीतर आपला करार इथेच संपला असं समज."

आई एका हॉटेलच्या धुलाई विभागात काम करते. तळघरातली खोली, सुकवणाऱ्या यंत्रांची सततची घरघर, गरम कापडाचा वास. मी गेले तेव्हा चादरींचा ढीग पडला होता. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही, म्हणून मी दुसरी टोकं धरली.

"आई, तू माझ्याकडे पाठ करून का उभी असतेस?"

तिच्या बाजूची चादर सैल पडली. "ऊन येतं डोळ्यांवर."

"आभाळ भरलेलं होतं."

"मग वारा."

"आई!"

आई टोकं घेऊन माझ्याजवळ आली, माझी टोकंही काढून घेतली. "तुला दिसत नव्हतं म्हणून तू जायचीस," ती हळूच म्हणाली. "मला दिसायचं ना."

"एकदाही नाही पाहिलंस?"

"एकदा पाहिलं. शाळेत होतीस. पाण्याखाली गेलीस ती वर येईचना. तेव्हापासून नाही."

"मग रोज ते 'छान होती, छान होती'?"

"लोक टाळ्या वाजवायचे, त्यावरून."

मला इतका राग आला की हसूच फुटलं, आणि हसताहसता रडू. या बाईने इतकी वर्षं मला बिनधास्त थापा मारल्या होत्या. "मग थांबवलं का नाहीस मला?"

"थांबली असतीस?" तिने पुढची चादर उचलली. "धर. नीट ताण."

पुढच्या स्पर्धेत मी पाण्यात उतरले तेव्हा डोक्यात नुसता काला झाला होता. पहिल्या फेरीत आम्ही चौघी, पुढे जाणार दोघी. किरकोळ लाटांवर मी थोडे गुण जमवले, पण एक मोठी लाट हवीच होती. वेळ संपत आली आणि ती आली. भलीमोठी. किनाऱ्यावरून सरांचं "जा! जा!" मला तिथवर ऐकू आलं. सवयीने हात चालायला लागले. तेवढ्यात मी मान वळवली आणि तिच्यामागे बघितलं. दुसरी वाकडीतिकडी. तिसरी मात्र सरळ, स्वच्छ, एका रेषेत येणारी. मी हात थांबवले. पहिली लाट माझ्याखालून निघून गेली.

ते शहाणपण होतं की भीती, मला आजही सांगता येणार नाही. सरांनी टोपी काढून वाळूत आपटलेली मला दिसली. कंपनीच्या माणसाने फोन खिशात घातला.

तिसऱ्या लाटेला मी निघाले. ती आख्खी भिंत दिसत होती, ती बघतच उभी राहिले. तिची कड माझ्या खांद्याशी वळत होती, आणि पुढे ती कुठे फुटणार तेही मला आधी दिसत होतं. मी तिच्यावरून शेवटपर्यंत गेले. किनारा टाळ्यांनी दणाणला, मग भोंगा वाजला. माझा दुसरा नंबर. म्हणजे मी पुढच्या फेरीत, आणि करार शाबूत.

बोर्ड काखेत मारून बाहेर येते तो आई चपलांसकट गुडघाभर पाण्यात. डोळे भरलेले.

"मी पाहिलं!" तिने माझे दोन्ही दंड पकडले. "या डोळ्यांनी पाहिलं!"

माझा विश्वासच बसेना. "काय पाहिलंस?"

"तुझे सर ओरडले म्हणून दचकून वळले, तर एवढी थोरली लाट! म्हटलं, संपलं आता. आणि तू मान वळवलीस, बघितलंस आणि सोडून दिलीस तिला. शाब्बास गं माझी राणी!"

"आणि त्याच्यानंतरची?"

"नंतरची कुठली? मग मी निवांत पाठ फिरवली." तिने माझ्या केसांतलं पाणी निपटलं. "पण लोक किती चांगले आहेत गं. तू ती सोडून दिलीस, तर केवढ्या टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी!"

मागून सर धावत येत होते, त्यांना बरंच काही बोलायचं होतं. मी त्यांना हातानेच थांबवलं.

"हो आई," मी म्हटलं, "त्यासाठीच वाजवल्या."