दुधाच्या डब्यांचा मेजर

मेजर केळशीकर खोटारडा आहे, हे आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. त्याने एकाहत्तरच्या लढाईवर चार जाडजूड खंड लिहिले. चारी खंडांत शूर माणसं तेवढी मोठ्या घराण्यांतली आणि पळपुटे सगळे आमच्यासारख्यांच्या घरचे. पुढे त्याच्याच बरोबरच्या अधिकाऱ्यांनी वर्तमानपत्रांतून त्याचं पितळ उघडं पाडलं. लढाईच्या दिवसांत हा गृहस्थ आघाडीकडे फिरकलाच नव्हता. मागे कुठल्याशा डेपोत दुधाच्या डब्यांची मोजदाद करत बसला होता. प्रकाशकाने हात झटकले, खंड रद्दीत निघाले आणि त्यांतला एक संच आमच्या नाशकात द्वारका चौकाजवळच्या रद्दीवाल्याकडे येऊन पडला. तिथून आमच्या जयरामने तो उचलला.

जयराम सरकारी कचेरीत कारकून आणि आमच्या विहाराचा वाचक. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी त्याने ग्रंथ वाचायचा आणि वस्तीने मांडी घालून ऐकायचा, अशी आमची पद्धत. ब्याऐंशी साली ठरलेला ग्रंथ लवकर संपला, वर्षावास उरला. जयराम म्हणाला, लढाईचा इतिहास वाचू, आपलीही माणसं फौजेत होती. लिहिणारा कसा आहे हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, दुधाच्या डब्यांसकट. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. त्या दिवसापासून केळशीकरचं नाव पडलं दुधाच्या डब्यांचा मेजर. वाचनात काही अचाट आलं की मागून कोणीतरी ओरडायचं, "डबा फुटला रे!" आणि सगळा विहार खिदळायचा.

त्यात सर्वांत मोठं हसू विठाबाईचं. ती फौजेतल्या नाईक सावळीरामची विधवा. सावळीराम एकाहत्तरच्या डिसेंबरात सरहद्दीवर पडला. घरी तार आली, माणूस आला नाही. लष्करी टोपीतला त्याचा फोटो विहाराच्या बाजूच्या भिंतीवर होता आणि दर पौर्णिमेला विठाबाई स्वतःच्या हाताने त्याला हार घालायची. त्या फोटोवर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. बाई काही गोड नव्हती. नळावर आली की रांग मोडून पुढे घुसायची. शेजारची सुलाबाई एकदा आडवी आली. सुलाबाईचा नवरा पिंपळगावला कांद्याच्या गोण्या उचलायचा. विठाबाईने तिची कळशी पायाने बाजूला सारली आणि भर नळावर म्हणाली, "माझ्या माणसानं छातीवर गोळी घेतली. तुझ्यानं काय घेतलं गं? पाठीवर कांदं?"  सुलाबाईने कळशी उचलली आणि ते बोलणं जपून ठेवलं.

तिसऱ्या खंडात जयराम एका चौकीच्या लढाईपर्यंत आला. त्याने पुढची पानं चाळून पाहिली नव्हती. ठणठणीत आवाजात वाचत गेला: "चौकीवरील नाईक सावळीराम, राहणार नाशिक, याने शत्रू दिसताच जागा सोडली. पळत असता पाठीत गोळी लागून तो मेला."

एवढं तोंडातून गेलं आणि तो थांबला.

विठाबाईने मागे वळून पाहिलं. ओरडणारा ओरडेल, लोक हसतील, म्हणून तिचं अर्धं हसू आधीच ओठांवर आलं होतं. कोणी ओरडलं नाही. ती म्हणाली, "म्हणा की रे! डबा फुटला म्हणा!" लोक समोर पाहत बसले. कालच्या वाचनात त्याच माणसाने लिहिलं होतं की एका सरदारपुत्राने एकट्याने तीन रणगाडे बंद पाडले, तेव्हा हेच लोक पोट धरून हसले होते.

जयराम पुस्तक मिटू लागला, तर विहाराचे पंच सहादूबाबा म्हणाले, "मिटू नको. वर्षावासातलं वाचन अर्धं टाकायचं नसतं." त्याने प्रकरण संपवलं. आमची आणखी एक पद्धत होती. आदल्या दिवशी जिथे थांबलो ते पान दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा पुन्हा वाचायचं, म्हणजे न आलेल्यांना धागा सापडतो. प्रकरण संपलं होतं ते नेमकं त्याच पानावर. दुसऱ्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी ज्यांना वर्षावास कधी सुरू झाला हेही ठाऊक नसे, ते पुढे येऊन बसले. जयरामने मान खाली घालून ते पान पुन्हा वाचलं. विठाबाई शेवटपर्यंत बसून राहिली. उठून गेली असती तर त्याचंही लोकांनी काहीतरी केलं असतं.

सकाळी नळावर ती सवयीने पुढे गेली. सुलाबाईने हात आडवा धरला. "मागं हो. माझ्या माणसाच्या पाठीवर कांदंच हाईत, गोळी नाय."

बायका हसल्या. विठाबाईने हंडा उचलला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. लोकांनी तिला काय काय ऐकवलं ते सांगताना अजून माझं डोकं तापतं. सरकार पेन्शन देतं ते काय उगाच, असं ती म्हणाली, तर उत्तर आलं, सरकारचं काय, मेला तो शहीद. तुम्हीच म्हणत होता मेजर खोटारडा, असं म्हणाली, तर म्हणे, बाकीचं खोटं असेल, पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला तेव्हा पंचांनी सावळीरामचा फोटो भिंतीवरून उतरवला. शहानिशा होईपर्यंत, असं सहादूबाबा म्हणाले. फोटो मागच्या खोलीत सतरंज्यांवर ठेवला.

शहानिशा करायला दुसरं कोणी जाणार नव्हतं. मेजरने नाशकातच, इंदिरानगरात नवे प्लॉट पडत होते तिथे बंगला बांधल्याचं तिला कळलं. तिने जयरामकडून तिसरा खंड मागून घेतला आणि थेट सुलाबाईच्या दारात गेली.

"तू चल माझ्यासंगं. माझं कोणी ऐकायचं नाय. तुझं ऐकतील."

सुलाबाई गेली. दया आली म्हणून नाही, तमाशा पाहायला.

मेजर ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसला होता. गोरापान, गुळगुळीत दाढी, बोलणं अगदी सभ्य. दोघी पायरीखाली उभ्या राहिल्या.

"कोण सावळीराम?" त्याने विचारलं.

विठाबाईने खूण घातलेलं पान पुढे केलं. त्याने चष्मा लावून ते वाचलं. आपलीच वाक्यं त्याला आवडली असावीत, कारण तो गालात हसला.

"हां, ही चौकी! बाई, या प्रकरणात कोणीतरी पळायला हवा होता, नाहीतर कॅप्टनसाहेबांचं शौर्य उठून दिसेना. मेलेल्यांतलं एक नाव घेतलं. मेलेला माणूस तक्रार घेऊन येत नाही."

"मंजे त्यो पळाला नव्हता?"

"मला काय ठाऊक? मी कुठे तिथे होतो?"

"साहेब, तेवढं माझ्या वस्तीत येऊन सांगा."

"छे, छे. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय." त्याने पुस्तक परत दिलं. "त्या पुस्तकावर आता विश्वास कोण ठेवतं?"

परतीच्या वाटेवर विठाबाई थोडी रडली आणि पुष्कळ हसली. वैऱ्याच्या तोंडून खरं वदवलं होतं आणि साक्षीला वैरीणच होती. याहून भक्कम काय हवं? त्याच संध्याकाळी मंडळी विहारात जमणार होती. तिने द्वारकेला थांबून शेवंतीचा हार घेतला. सुलाबाईलाही एक गजरा घेऊन दिला. सुलाबाईने तो माळला.

विहारात विठाबाईने सगळं सांगितलं. सहादूबाबांनी सुलाबाईकडे पाहिलं. "तू होतीस ना? म्हणाला तो असं?"

"म्हणाला," सुलाबाई म्हणाली. "स्वतःच्या तोंडानं म्हणाला, नाव उगाच घातलं म्हणून. मी या कानांनी ऐकलं."

विठाबाईने पुड्यातून हार बाहेर काढला. मागच्या खोलीकडे ती दोन पावलं गेलीसुद्धा.

"पर बाबा," सुलाबाई पुढे म्हणाली, "त्यो तर दुधाच्या डब्यांचा मेजर! जल्मात कधी खरं बोलला नाय, त्यो आजच कसा बोलंल? दारात रडती बाई दिसली, बोलला कायतरी."

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "डबा फुटला रे!"

आणि सगळा विहार हसला. पान वाचलं गेलं त्या संध्याकाळी जे हसू विठाबाईने मागितलं होतं, ते तिला आज मिळालं. जयराम एकटा हसला नाही, पण तो बोललाही नाही. ठणठणीत आवाजाचा माणूस, पण त्याचा आवाज फक्त वाचण्यापुरता. सहादूबाबांनी हसू आवरून निकाल दिला. खोटं बोलणाऱ्याची कबुली धरता येत नाही, फोटो बाईंनी घरी न्यावा.

तिने हार पुड्यात परत घातला, फोटो पदराखाली घेतला आणि गेली. त्यानंतर नळावर तिचा आवाज कोणी ऐकला नाही.

मेजरचे खंड मात्र विहारातच राहिले. वर्षावासात वाचलेला ग्रंथ टाकायचा नाही, पांढऱ्या कापडात बांधून कपाटात ठेवायचा, ही आमची तिसरी पद्धत. पुढच्या आषाढी पौर्णिमेला कपाट उघडलं आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या ग्रंथांना फुलं वाहिली. त्या वर्षी फुलं वाहायची पाळी सुलाबाईची होती. तिने चारी खंडांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि तिसऱ्यावर दोन फुलं जास्त ठेवली.