न्हावीकाका गप्प बसले

न्हावीकाका गप्प बसलेत म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सिस्टरच्या लगेच ध्यानात आलं. एरवी केमोच्या खोलीत सलाईन सुरू झालं की काकांचं तोंडही सुरू व्हायचं. शेजारच्या आजोबांच्या मिशीपासून डॉक्टरांच्या भांगापर्यंत ते कुणाचीही गय करत नसत. आज मात्र स्वारी खुर्चीत ताठ, उजवा हात चादरीखाली.

"काय झालं, काका?"

"कुठं काय! चालू दे तुझं."

सिस्टरने चादर उचलली. सुईपाशी हात टम्म फुगला होता. लाल औषध शिरेबाहेर झिरपत होतं, आणि शिरेबाहेर गेलं की ते मांस जाळतं. तिने झटकन सलाईन बंद केलं. मघाशी मी येऊन गेले तेव्हाच चादर का नाही उचलली, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"चुरचुरत नव्हतं?"

"आग होतेय केव्हाची. पण तूच म्हणालीस ना, हात हलवू नका?"

"हलवू नका म्हणाले. बोलू नका कधी म्हणाले?"

"अगं, जन्मभर गिऱ्हाइकांना दम भरतोय, हललात तर कान जाईल! मग मीच कसा चुळबुळ करू?"

एवढं बोलून काकांनी डावा अंगठा सुजेवर टेकवला आणि सराईतपणे चोळायला घेतलं. गिऱ्हाइकाचं डोकं चोळणारा हात, त्याला दुसरं काय सुचणार?

"अहो, सोडा ते!" सिस्टरने त्यांच्या हातावर चापटच मारली. "चोळलं की आणखी पसरतं."

तिने नळी सोडवली, सुई मात्र तशीच ठेवली.

"ती काढ की आधी."

"थांबा. गेलं त्याच वाटेनं निघेल तेवढं ओढून घेते."

सिरिंजमध्ये थोडं लाल पाणी आलं. मग तिने सुई काढली, सुजेभोवती पेनाने रेघ मारली, हात उशीवर चढवून बर्फाची पिशवी ठेवली. डॉक्टर धावतच आले. सकाळी हुलकावणी देणारी डाव्या हाताची शीर त्यांनी कशीबशी गाठली, आणि बर्फ बाजूला करून थोड्या वेळाने त्यातून उताऱ्याचं औषध सोडलं.

"ताई," काका हळूच म्हणाले, "वस्तरा धरता येईल ना गं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण खोटा धीर देणं तिच्या जिवावर आलं. "आत्ताच नाही सांगता येत, काका. दाखवायला येत राहा."

काका येत राहिले. सूज उतरली, लाली रेघेच्या आतच विरत गेली, बोटं मिटायला लागली. पण दुकानाचा विषय काढला की काका हवापाण्याच्या गप्पा मारत.

मग एके दिवशी ते एका गुळगुळीत दाढी केलेल्या माणसाला ओढतच घेऊन आले. "हा माझा मेव्हणा. उभ्या जन्मात याने माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. आज दुकान उघडलं, वस्तरा घेतला, पण धीरच होईना. तर हा पठ्ठ्या येऊन खुर्चीत बसला आणि मान वर केली."

"हात थरथरत होता का हो यांचा?" सिस्टरने मेव्हण्याला विचारलं.

"मला काय ठाऊक? मी डोळे मिटून घेतले होते."

सिस्टरने त्याला उजेडात नेऊन गळा नीट पाहिला. साधा ओरखडाही नव्हता. तिला आधी हसू आलं, आणि मग चक्क रडू आलं.