पुढे सरकणारी तारीख

मित्रांनो, पेनासारखा खिशाला अडकणारा मी एक जुना टॉर्च आहे. घसा, डोळ्यांच्या बाहुल्या आणि तोंडाचा आतला भाग, एवढेच माझे जग. त्यामुळे मी सांगेन ते फार मोठे नसेल; पण ते मी पाहिलेले आणि ऐकलेले आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या पट्ट्यावर झाला. त्यात आठवण्यासारखे काही नाही. अकोल्यात शिकत असताना प्रसेनजित पडघान यांनी मला विकत घेतले, आणि डॉक्टर होऊन त्यांनी केनवडला दवाखाना थाटला, तेव्हा त्यांच्या खिशातून मीही तेथे आलो. त्या काळी माझी चैन होती. एका पोराच्या नाकात अडकलेला हरभरा माझ्या उजेडात निघाला, तेव्हा त्याच्या आईने डॉक्टरांच्या आधी मलाच हात जोडले. डॉक्टर हसून म्हणाले, "त्याला काय नमस्कार करता? तो बरं करत नाही, फक्त दाखवतो." माझ्याविषयी इतके अचूक वाक्य मी पुन्हा ऐकले नाही.

मनकर्णाबाईंच्या डाव्या गालात पांढरा डाग दिसला, तोही माझ्याच उजेडात. दर महिन्याला बाजाराच्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला त्या येत. तंबाखूची चिमूट त्याच गालात धरण्याची त्यांची सवय होती. डॉक्टरांनी त्यांना वाशीमला पाठवून त्या डागाचा तुकडा तपासून घेतला. कर्करोग नव्हता.

"आज नाही, म्हणजे पुढे होणार नाही असं नाही," डॉक्टर म्हणाले. "तंबाखू सोडा. आणि दर तीन महिन्यांनी मी तोंडात पाहणार."

"पाहा ना बाप्पा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तोंडात दात उरले चार. त्याईचं काय लपवाचं हाये?"

त्यानंतर दवाखान्यात संगणक आला. कोणत्या रुग्णाची कोणती तपासणी केव्हा करायची हे तो लक्षात ठेवणार होता, आणि वेळ झाली की रुग्णाच्या घरी फोनवर निरोप धाडणार होता. नोंदी करणाऱ्या योगिनीताई एकेक नियम भरत होत्या. मी शेजारीच टेबलावर पडलो होतो.

"सर, हे इचारून राह्यलं, तीन महिने कवापासून मोजू? मागच्या तपासणीपासून की मागच्या भेटीपासून?"

डॉक्टरांनी विचार केला. ते विचार न करता उत्तर देणारे नव्हते. "भेटीपासून. जो येतो तो आपल्यासमोरच असतो, त्याला निरोप कशाला? जो फिरकत नाही, त्याला शोधायचं आहे."

तर्क निर्दोष वाटत होता. निरोप गेले आणि माणसे खरोखर आली. वर्षानुवर्षे न फिरकलेला एक शेतकरी आला आणि त्याची साखर वेळेत सापडली. डॉक्टरांनी संगणकाचे कौतुक केले, ते योग्यच होते. मी मात्र खिशातून खणात गेलो. आता ज्याचे नाव पडद्यावर येई, त्याच्याचसाठी मला बाहेर काढत.

मनकर्णाबाईंचे नाव काही येईना. गोळ्यांसाठी त्या महिन्याला येत, योगिनीताई भेट नोंदवत, आणि तपासणीची तारीख तेथून तीन महिने पुढे सरके. पुढच्या महिन्यात पुन्हा भेट, पुन्हा तारीख पुढे. खणात पडल्या पडल्या मला त्यांचा आवाज ऐकू येई.

"काहून वो पोरी, आजबी तोंडात बॅटरी पाडाची नाही काय?"

"नाही आजी. तुमची तारीख नाही आली अजून."

"त्या डब्ब्याले म्हना, चारबी दात पडल्यावर नको सांगू!"

दोघी हसत. मनकर्णाबाई गोळ्या घेऊन बाजारात जात. माझ्यापासून त्यांचा गाल हातभर अंतरावर होता.

एका बाजारी त्यांना गोळी गिळता येईना. डॉक्टरांनी खण उघडला. माझे सेल उतरले होते. त्यांनी मला हलवले, तळहातावर आपटले, तेव्हा कुठे पिवळट उजेड पडला. त्या उजेडात डाग नव्हता, जखम होती. डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. मनकर्णाबाईंना नागपूरला पाठवले गेले. पुढचे दोन-तीन बाजार डॉक्टर त्यांची वाट पाहत होते. मग त्या गेल्याचे कळले. आजारच झपाट्याचा होता, असे सगळे म्हणाले. डॉक्टरही म्हणाले.

त्या शेवटच्या भेटीला तीन महिने उलटले, तेव्हा त्यांचे यजमान जानराव आले. हातात फोन होता.

"डॉक्टरसायेब, एवढं वाचून द्या बरं. नातू म्हनते तुमच्या दवाखान्यातून आलं."

डॉक्टरांनी मोठ्याने वाचले. "मनकर्णाबाई, तुमच्या तोंडाच्या तपासणीची वेळ झाली आहे. कृपया दवाखान्यात यावे."

जानरावांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. "बुढी दर मैन्याले येत होती, तवा नाही बलावलं. आता कोनाले बलावून राह्यले जी?"

डॉक्टरांनी संगणकात जुन्या नोंदी उघडल्या. मनकर्णाबाई येत होत्या तोवर तारीख पुढे पळत होती. त्या यायच्या थांबल्या, तेव्हाच ती थांबली. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले.

"येत होत्या," ते म्हणाले, "म्हणूनच नाही बोलावलं. नियम मी ठरवला होता, जानराव."

जानरावांना ते कितपत समजले, मला ठाऊक नाही. मग त्यांनी तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकली, चूळ भरली आणि परत येऊन डॉक्टरांसमोर आ वासला. कोणी बोलावले नव्हते.

नियम त्याच दिवशी बदलला. आता मोजणी तपासणीपासून होते. माझ्यात नवे सेल आहेत आणि मी टेबलावर असतो.

मित्रांनो, मला खणात ठेवायचेच असेल तर सेल काढून ठेवा आणि अधूनमधून लावून पाहा, एवढे मागतो. आणि तुमच्या घरात रोज डोळ्यांसमोर वावरणारे कोणी असेल, तर त्याच्याकडे शेवटचे नीट केव्हा पाहिले होते, हे एकदा आठवून पाहा. आठवले नाही, तर आजच पाहा.