नागझिरा सोडून कुठंही

१९८२ सालच्या होळीच्या आधी सिहोऱ्याच्या भय्याजींकडे त्यांचे जावई आले. जागेश्वर त्यांचं नाव, वरठीला भंडारा रोड स्टेशनात ते तिकीटबाबू होते. धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपून धान ढोलीत पडलं होतं आणि घर जरा निवांत होतं. चहाची बशी खाली ठेवत जागेश्वर म्हणाले, "मामाजी, माह्या दोस्ताची जीप दोन दिवस मोकळी हाय. जंगल पाहाले जाऊ सारे. कुठं जाचं ते तुमी सांगा."

"कान्हा," भय्याजी लगेच म्हणाले.

त्यांची मुलगी निर्मला म्हणाली, ताडोबा, तिथं तळ्यात मगरी असतात. जागेश्वरांचं स्वतःचं मन नवेगावबांधावर होतं, कारण तिथले पक्षी त्यांच्या स्टेशनमास्तरांनी पाहिले होते. तेवढ्यात भय्याजींच्या पत्नी गोदावरीबाई पदराला हात पुसत आतून आल्या.

"नागझिरा," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं जागेश्वरांना झालं. कारण भय्याजींचा नागझिऱ्याचा वाघ साऱ्या सिहोऱ्याला ठाऊक होता. लग्नाआधी, विशीत असताना, हरवलेला बैल शोधत भय्याजी त्या जंगलात शिरले, अंधार पडला म्हणून मोहाच्या झाडावर चढले, आणि पट्टेवाला वाघ पहाटेपर्यंत खाली बसून राहिला. तीस वर्षांत तो वाघ सात हातांचा अकरा हात झाला होता, पण ऐकणाऱ्यांची कधी तक्रार नव्हती.

"नागझिऱ्यात काय ठेवलंय आता?" भय्याजी म्हणाले. "जनावरं सारी बालाघाटाकडे गेली. कान्ह्यात हत्तीवर बसून वाघ दाखवतेत म्हणे."

"दोन दिवसांत कान्हा होत नाई, मामाजी."

"मंग ताडोबा. निर्मला म्हणूनच राहिली. नाईतर नवेगाव. नागझिरा सोडून कुठंही चला."

"मले ते झाड पाहाचं हाय," गोदावरीबाई म्हणाल्या. त्या फारशा हट्ट करत नसत. म्हणून तो विषय तिथंच मिटला.

शनिवारी उजाडताच जीप निघाली. तुमसर गेलं, तिरोडा गेला. पळस भडक फुलला होता. निर्मला सारखी काहीतरी दाखवत होती आणि भय्याजी नुसतं हं हं करत होते. नाक्यावर कवडू नावाचा वनरक्षक जीपमध्ये बसला आणि सगळे तळ्याकाठच्या विश्रामगृहावर पोचले. जेवण झाल्यावर कवडूनं निर्मला आणि जागेश्वरांना पाण्याजवळच्या मचाणावर नेलं. मागे हे दोघंच राहिले.

"कोणतं झाड जी?" गोदावरीबाईंनी विचारलं.

भय्याजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवारातल्या सगळ्यात जाड मोहाकडे बोट केलं. "हेच असन."

गोदावरीबाई झाडाशी गेल्या, पिशवी उघडली. आतून नारळ निघाला, कुंकवाची डबी निघाली, कोरा हिरवा खण निघाला.

"हे कायले वं?"

"मी लग्न झाल्यावरच बोलली होती मनात, का एकदा या झाडाची ओटी भरीन. यानं तुमाले वाचवलं, म्हणून माहा संसार झाला." त्यांनी कुंकवात बोट बुडवलं.

भय्याजींना ते पाहवेना. "थांब," ते म्हणाले. "हे झाड नोहे."

"मंग कोणतं?"

"कोणतंच नोहे. मी या जंगलात आजच आलो."

गोदावरीबाईंचं बोट तसंच राहिलं. "आन् बैल?"

"बैल हरवला होता. घरामागच्या बोडीत बसला होता पाण्यात. दिवस बुडाच्या आधीच सापडला."

"मंग असं सांगतलं काहून?"

"सोयरिकीच्या दिवशी तुह्या बापानं इचारलं ना, पोरगा भितो-बितो का म्हणून! तुमचं घर जंगलाच्या काठाले. मी तं गावच्या सांडाले पाहून गल्ली बदलो. वाघाचं एकदा तोंडातून निंगालं, मंग लोकच म्हणत, सांगा, सांगा."

मोहाची फुलं टपटप पडत होती. भय्याजींना वाटलं, आता ही पिशवी आवरेल आणि चार दिवस बोलणार नाही.

"तुमी दर वेळी त्याच्या दाताचं सांगता," त्या म्हणाल्या. "पिवळे दात, एक तुटलेला. ते कुठून आणलं?"

"शाळेच्या भिंतीवर चित्र होतं. एका दातावरचा पोपडा उडाला होता."

यावर गोदावरीबाई अशा हसल्या की वरच्या फांदीवरची वानरं दुसऱ्या झाडावर गेली. भय्याजी आधी बावरले, मग त्यांनाही हसू आवरेना.

"मले तं त्या दिवशी वाघाचं कोणी सांगतलंच नवतं," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "मी चुलीपाशी होती. तुमी मागल्या दारी पाणी प्याले आले आन् पाण्याच्या गुंडाले हात लावाआधी इचारलं, घेऊ का म्हणून. आमच्या घरी कोणी माणूस इचारत नसे. तेवढं पाहिलं मी."

भय्याजींना हे आठवत नव्हतं. ते झाडाच्या मुळावर बसले. गोदावरीबाईंनी बुंध्याला कुंकू लावलं, खण ठेवला. आणलंच आहे तर परत कशाला न्यायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. नारळ भय्याजींनीच फोडला.

मुलगी-जावई परत आल्यावर भय्याजींनी त्यांनाही सारं सांगून टाकलं. जागेश्वर रुमालात तोंड घालून हसले. निर्मला मात्र चिडली. "मी शाळेत निबंध लिहिला होता, बाबा! बक्षीस भेटलं होतं!" तिला मनवायला खोबऱ्याचा मोठा तुकडा द्यावा लागला.

उन्हं उतरल्यावर ते जीपमधून फिरायला निघाले. एका वळणावर कवडूनं हात वर केला आणि इंजिन बंद करायला लावलं. समोर रस्त्यावर गवे होते. काळेभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. एक दांडगा नर जीपकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं जोरात श्वास सोडला.

"मले भेव वाटून राहिला," भय्याजी हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"इकडं सरका," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांनी भय्याजींना आत घेतलं, स्वतः कडेला बसल्या आणि बाहेर वाकून पाहू लागल्या. नर बाजूला झाला. त्याच्यामागून गाई गेल्या, सगळ्यात शेवटी तांबूस रंगाचं एक वासरू धडपडत पळालं.

"किती गोजिरं हाय जी!" त्या म्हणाल्या. भय्याजींनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.